उलटं छापलेलं विमान

बसा जरा, माझी गोष्ट काही लांबलचक नाही. मी एक फोटो आहे. काळा-पांढरा, तळहाताएवढा, एक कोपरा दुमडलेला. माझ्यात एक जुनं लढाऊ विमान उभं आहे आणि त्याच्या पंखाला हात टेकून एक मेकॅनिक.

माझा जन्म लढाईच्या दिवसांतला. मेकॅनिक इंजिनाखालून बाहेर येतो न येतो तोच फोटोग्राफरनं त्याला गाठलं. "अरे, तोंड तरी पुसू दे," तो म्हणाला. फोटोग्राफर कसला थांबतोय!

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून विमानावरचे आकडे फिल्मवरच खरवडून टाकायचे, असा तेव्हा हुकूम होता. ते झालं आणि मग घोटाळा झाला. छापणाऱ्यानं अंधाऱ्या खोलीत फिल्म उलटी ठेवली. आकडे असते तर चूक तिथल्या तिथं कळली असती. आता कोण ओळखणार? डावं ते उजवं झालं आणि मी तसाच दोरीवर सुकत लटकलो. मला सगळं ठाऊक होतं. पण फोटोला विचारतो कोण?

पुढं एका वैमानिकाच्या अल्बममध्ये माझी चाळीस वर्षं गेली. तो पाहुण्यांना विमानाचा वेग सांगायचा, बंदुका दाखवायचा. मेकॅनिकवर त्याचं बोट कधी थांबलं नाही. तो गेल्यावर सुनेनं अल्बम संग्रहालयाला दिला. तिथं माझ्याखाली चिठ्ठी लागली : 'लढाऊ विमान आणि अनोळखी मेकॅनिक.'

गेल्या वर्षी एक म्हातारी आली. जन्मभर शिलाईकाम केलेली बाई, गळ्यात मोजपट्टी तशीच. माझ्यासमोर आली आणि हललीच नाही. मेकॅनिकचा तोंडावळा थेट तिच्या थोरल्या मुलाचा होता. ती पाळण्यात असताना तिचे वडील त्या लढाईत गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता, होतं ते नोकरीचं पुस्तक. त्यात खूण लिहिलेली : डाव्या हाताला करंगळी नाही.

संग्रहालयाच्या साहेबांनी तिनं आणलेलं ते पुस्तक वाचलं, मला भिंगाखाली धरलं. करंगळी नव्हती खरी, पण उजव्या हाताला.

"आजी, वाईट वाटून घेऊ नका. हे तुमचे वडील नव्हेत. चिठ्ठीवर खोटं कसं लिहू?"

माणूस वाईट नव्हता. चूक माझी होती आणि मला तोंड नव्हतं.

म्हातारी काही रडली नाही. तिनं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ मला न्याहाळलं.

"मग हा बाप्या बाईचा शर्ट घालून का उभाय?"

साहेब हसले. ती हसली नाही. बटणं लावली की पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर येते, बाईच्या शर्टाची उजवी, तिनं सांगितलं. "पन्नास वर्षं काजं केलीत मी. यात मला कोण फसवणार?"

साहेबांचं हसू विरलं. त्यांनी त्या विमानाचं जुनं पुस्तक काढलं. आत चढायची पायरी फक्त डाव्या अंगाला होती. माझ्यात ती उजव्या अंगाला! ते उठले, हात धुवायच्या जागेतला आरसा काढून आणला आणि मला त्याच्यासमोर धरलं.

जन्मात पहिल्यांदा मी सरळ झालो. पायरी, पट्टी, करंगळी, सगळं जागच्या जागी.

म्हातारी आरशात बघत राहिली. "केवढासा आहे हो," ती म्हणाली. "माझ्या नातवाएवढा." मग तिनं वडिलांचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं.

आता माझी सरळ केलेली नक्कल भिंतीवर असते. खाली आधी त्याचं नाव, मग विमानाचं. मी खणात, कागदी पाकिटात पडून असतो. इथं ऊन नाही, ओल नाही. अजून शंभर वर्षं तरी टिकेन.

तुमच्याही घरात माझे भाऊबंद असतील. एकदा बाहेर काढा त्यांना. त्यात कोण कोण आहे ते म्हाताऱ्यांना विचारा आणि पाठीवर पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहून ठेवा. पंखापाशी उभ्या असलेल्याचं नाव तेवढं चुकवू नका.