ओर्माचा घरजावई

समुद्राकाठच्या गुहेत बसक्या कपाळाची, रुंद हाडापेराची तिघंच आता उरली होती: ओर्मा, तिचा भाऊ बुगो आणि मुलगी इल्ले. इल्ले वयात आली, पण नवरा आणायचा कुठून? मामा सोडला तर पुरुषच नव्हता. आसपासच्या खोऱ्यांतले आपले लोक केव्हाच संपले होते.

मग कुठूनशी उंच कपाळाची, काटकुळी, वेगळ्याच जातीची माणसं आली. बुगोची हसून मुरकुंडी वळली. "ही कसली माणसं? फुंकर मारली तर उडतील." पण त्यांच्यातल्या नेरूनं इल्लेला मागणी घातली, तेव्हा ओर्मानं ठणकावलं, "मुलगी देणार नाही. तूच इकडे राहायचं."

घरजावई आला, पण एकटा कसला? मागोमाग आत्या, मावसभाऊ, आत्याच्या सासरचे, रीघच लागली.

"जावई केलास की अख्खं खोरं?" बुगो करवादायचा.

शिकार फसली की नेरू उठायचा आणि कुणा नातलगाकडून मांस घेऊन यायचा. ओर्माला त्याची लाज वाटे. तिच्या माणसांनी उपाशी मरण पत्करलं, पण कुणापुढे हात पसरला नाही. मोठं भूषणच की नाही! त्या ताठ्यापायीच सगळे मेले, हे तिला कुणी सांगावं?

इल्लेला मुलगा झाला, चांगला धडधाकट. ओर्मा त्याला खाली ठेवीना. पुढं दुसऱ्या थंडीत उपासमार आली, तसा नेरू म्हणाला, "आई, आमच्याकडे चला. बर्फ वितळलं की परत येऊ."

"मी माझी गुहा सोडणार नाही," ओर्मा म्हणाली. "पोराला मात्र न्या. जगवा त्याला."

नेरू आणि इल्ले पोराला घेऊन गेली. बर्फ वितळलं. कुणी आलं नाही. शेवटी ओर्माच नातवाला आणायला निघाली.

नदीकाठी त्यांचा मेळा भरला होता. जिकडे तिकडे पोरंच पोरं. इल्ले पुन्हा गरोदर होती. ओर्मानं हात पुढं केले, तसा नातू किंचाळत नेरूच्या आत्यामागं दडला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. आत्यानं घाईघाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणाला गं?"

"काही नाही आई. लहान आहे तो," इल्लेनं मान खाली घातली. "तू राहा ना इथंच."

ओर्मा राहिली नाही. गुहेत बुगो वाट पाहत होता.

"पोरगं कुठंय?"

"तिकडे. जगतंय."

"आपलं म्हणून?"

"नाही," ओर्मा म्हणाली. "त्यांचं म्हणून."