तेल टाका

“तिघंही उतरा खाली. अन् ते विडी तिकडं रस्त्यावर इझवून या, मंग बोलू.”

नोझल हातात धरून सत्यशीला तशीच उभी राहिली. मोटारसायकलवरचे तिघे एकमेकांकडे पाहून हसले, पण उतरले. न उतरून करतात काय! मुकुटबनच्या बाहेरच्या या पंपावर गेली नऊ वर्षं तिचाच कायदा चालत होता.

माणूस ओळखायचा तर त्याला पेट्रोल भरताना पाहावं, असं तिचं मत होतं. कोणी टाकीवर थापा मारतो, दोन थेंब जास्त मावतील म्हणून. कोणी गाडी डावी-उजवी हलवत राहतो. कोणाला शंभरच्या आकड्यात काहीतरी गोम वाटते, तो एकशे दहाचंच मागतो. कोणी टाकी भरली की तिथेच आरशात भांग पाडत बसतो आणि मागची रांग हॉर्न बडवत राहते. कारवाल्यांची तऱ्हा वेगळी. काच चार बोटं खाली करून नोट सरकवतात, बाहेर साथ आल्यासारखी.

सत्यशीला या सगळ्यांना पुरून उरायची. पण ती धीट होती असं मात्र नाही. खरं तर भित्रीच होती. कामावर लागली तेव्हा एका साहेबाने सगळ्यांना जळणाऱ्या पंपाचा व्हिडिओ दाखवला होता. बाकीचे चहा पीत पाहत होते, हिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून ‘गाडी बंद करा, फोन खिशात ठेवा, झिरो पाहा’ हे तिच्या तोंडात बसलं. लोक मागून तिला झिरोबाई म्हणत. म्हणेनात का, तिला काही फरक पडत नव्हता.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला कारच्या मशीनवरचा रजत डबा खायला मागे गेला, म्हणून तिथेही तिलाच उभं राहावं लागलं. तिचं नेहमीचं ठिकाण दुचाकीचं. तिथे सगळा कारभार सोपा. येणारा म्हणतो “तेल टाका” आणि आपण पेट्रोल टाकायचं. कारच्या मशीनला मात्र दोन नोझल, एक पेट्रोलचं आणि एक डिझेलचं. तिथे आधी विचारायचं आणि मग हात घालायचा.

रस्त्यावरून एक पांढरी कार आली. पंपासमोरच्या उतारावर तिचं इंजिन आधीच बंद केलेलं होतं. कार आवाज न करता उतरत आली आणि मशीनपाशी बरोबर थांबली. चालवणारा लगेच खाली उतरला. पन्नाशीचा, दणकट. त्याने न सांगता फोन खिशात टाकला आणि झाकण स्वतः उघडून दिलं.

सत्यशीला पाहतच राहिली. नऊ वर्षांत असं शहाणं गिऱ्हाईक तिला बोटांवर मोजण्याइतकंच भेटलं होतं.

“बाई, हजाराचं तेल टाका. जरा लवकर करा, भियाले यवतमाळला न्याचं हाये.”

भिया म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तो पुढच्या सीटवर बसला होता. चेहरा सुजलेला, डाव्या मनगटावर पट्टी, श्वास तोंडाने चाललेला. मागे त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“काय झालं त्यायले?”

“किडनी. आठवड्यातून दोनदा मशीनवर घ्या लागते. मागचा नंबर हुकला, गाडीच नाही भेटली. आता अंगात पानी चढलं. आज भाच्याची गाडी मागून आनली.”

“झिरो पाहून घ्या, भाऊ,” ती म्हणाली आणि तिने नोझल टाकीत घातलं. तिला वाईट वाटत होतं आणि घाईही होती. एवढ्या शिस्तीच्या माणसाला उगाच काय विचारायचं, असंही कुठेतरी वाटलं असेल. तिने विचारलंच नाही.

पैसे देऊन तो बसला. “येतो, बाई.” त्याने चावी फिरवली.

खडखडखड.

सत्यशीलाने चमकून पाहिलं. हा आवाज डिझेलचा होता. गाडी आली तेव्हा इंजिन चालू असतं, तर तिने दहा पावलांवरून ओळखलं असतं. आणि तिच्या हातात होतं ते नोझल पेट्रोलचं.

ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्याच क्षणी तिला पंपावरचा शाम आठवला. दिवाळीच्या आधी शामने एका जीपमध्ये असंच भलतं टाकलं होतं. त्याच संध्याकाळी त्याला घरी बसवलं आणि त्याचा फोटो सगळ्या पंपवाल्यांच्या ग्रुपवर फिरला. शाम तरुण होता, तो पुण्याला गेला. आपण कुठे जाणार? पोरीचं, पायलचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष, घरात नवरा श्रावण कमरेने अधू होऊन बसलेला. एवढं सगळं डोक्यात यायला किती वेळ लागतो? कार रस्त्याला लागेपर्यंतचा. तिने उघडलेलं तोंड मिटलं आणि कार पांढरकवड्याच्या दिशेने निघून गेली.

“ओ बाई, टाका ना!” मागचा मोटारसायकलवाला म्हणाला.

तिने टाकलं. त्याच्यामागच्या सगळ्या रांगेलाही टाकलं. हात आपलं काम करत होते, डोकं त्या कारमागे धावत होतं. पाईपात जुनं डिझेल असेल तोवर गाडी पळेल. मग आचके देईल आणि बंद पडेल. आठ किलोमीटर? दहा? म्हणजे बरोबर जंगलात. तिथे फोनला रेंज नाही. दुपारी त्या रस्त्याला बस नाही. मागच्याच महिन्यात तिथे वाघाने एका गुराख्याला उचललं होतं आणि तेव्हापासून दुचाकीवाले चार-चार जण जमवूनच तो पट्टा पार करत. आणि त्या सगळ्यात तोंडाने श्वास घेणारा तो माणूस.

‘नाही पडणार बंद. थोडं पेट्रोल चालून जात असेल.’ तिने मनाला समजावलं. मन काही ऐकेना. या बाबतीत ते तिच्यापेक्षा जास्त जाणकार होतं.

ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. यज्ञेश्वरभाऊ कॉम्प्युटरवर काहीतरी पाहत होते.

“भाऊ, घरून फोन आलता. जाऊन येऊ का घंटाभर?” खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“सगळं ठीक आहे ना?”

“हो, भाऊ.”

स्कूटी काढताना तिच्या मनात एकच होतं. कोणाला कळायच्या आत निस्तरता आलं तर पाहावं. कसं निस्तरायचं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

शेवटचं शेत संपलं आणि सागवान सुरू झालं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाचोळा वाजला की तिच्या मानेवर काटा येई. एका वळणावर वानरं झाडाच्या शेंड्यावर गोळा होऊन खाकरत होती. ती कशाला पाहून खाकरतात हे या भागातल्या पोरासोरांनाही कळतं. सत्यशीलाने डावीकडे-उजवीकडे काही पाहिलं नाही. हँडल घट्ट धरलं, ओठांनी काहीतरी पुटपुटत राहिली आणि दर वळणाला तिला वाटलं, कार नसू दे, पुढे निघून गेलेली असू दे.

कार होती. नाल्याच्या पुलाअलीकडे, बॉनेट उघडून.

चालवणारा हात वर करून रेंज शोधत होता. तिला पाहताच धावत आला. “अरे बाप्पा! पंपावरच्या बाई ना तुम्ही? देवावानी आल्या. अर्धा घंटा झाला, एक गाडी नाही. भाच्याची गाडीच खटारा निंगाली. त्याले आता घरी गेल्यावर पाहतो मी.”

म्हणजे कोणाला संशयही नव्हता. सत्यशीला स्कूटीवरून उतरली. भाच्याची गाडी खटारा. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

मागचं दार उघडं होतं. म्हाताऱ्याला आता मागे टेकवून बसवलं होतं आणि बायको ओढणीच्या पदराने वारा घालत होती. त्याचे ओठ निळसर पडले होते. त्याने सत्यशीलाकडे पाहिलं आणि इतक्या धापेतही हात जोडले.

ते तिला सोसलं नाही.

“गाडी खराब नाही, भाऊ,” ती म्हणाली. “म्या पेट्रोल टाकलं तुमच्या गाडीत.”

“काय?”

“तुमी तेल म्हनलं. आमच्याकडं दुचाकीवाले पेट्रोललेच तेल म्हनते.”

“मी टरक चालवतो, बाई! पंचवीस साल झाले! आमच्यात तेल म्हंजे डिझेल!” त्याचा आवाज चढत गेला. “इचारता नाही येत? तोंड नाही देलं देवानं?”

“इचाराले पायजे होतं. चूक माही हाये. अन् गाडी निंगाली तवा आवाज ओळखला होता म्या. तरी हाक नाही मारली.”

हे दुसरं सांगायची काहीच गरज नव्हती. पण ते बाहेर पडलं तेव्हाच तिला नीट श्वास घेता आला. त्या माणसाने हात उगारला. तो हवेतच राहिला, कारण मागून त्याची भावजय ओरडली, “डोंगरसिंग! भांडन मंग कर. यायले पाह्य पयले!”

डोंगरसिंगने हात खाली घेतला आणि तो एकदम रडायला लागला. मोठ्या माणसाला असं रडताना पाहून सत्यशीलाला वाघापेक्षा जास्त भीती वाटली.

“काकाले माह्या मागं बसवा,” ती म्हणाली. “पंपावर गाडी भेटते. पुढं जान्यापेक्षा मागं जवळ हाये.”

“पडन तो!” डोंगरसिंग म्हणाला.

म्हाताऱ्याच्या बायकोने, लालीबाईने, डोक्यावरची ओढणी ओढून काढली. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला उचललं, स्कूटीवर बसवलं आणि ओढणीने त्याला सत्यशीलाच्या पाठीशी आवळून बांधलं. तिने त्या दोघांना काचा लावून कारमध्येच बसायला सांगितलं आणि निघाली.

“काका, नाव काय तुमचं?”

“उत्तम… सिंग.”

“मी हाक मारली का हो म्हना. फक्त हो म्हना.”

त्याचं डोकं तिच्या खांद्यामागे टेकलेलं होतं. अंगाचा सगळा भार तिच्यावर. “काका?” “हो.” वळण गेलं. “काका?” “हो.” वानरं अजून खाकरत होती, तिला ती ऐकूही आली नाहीत. तिचे कान फक्त पाठीमागे लागले होते. “काका?” खूप उशिराने, “हं.”

सागवान संपलं. “काका?”

उत्तर नाही.

“काका! उत्तमसिंगकाका!” स्कूटी वेगात होती, थांबावं तर वेळ जातो आणि न थांबावं तर आपण काय वाहून नेतोय ते कळत नाही. ती रडत, ओरडत, त्याच्या नावाने हाका मारत गेली. बांधलेल्या ओढणीतून तिला स्वतःचाच धपापता ऊर जाणवत होता आणि त्यात त्याचा श्वास कोणता ते ओळखू येत नव्हतं.

पंप दिसला तेव्हा पाठीवर काहीतरी हललं. “हो, हो,” म्हातारा पुटपुटला. “आयकू येते.”

दुचाकीची रांग मोठी होती. एरवी हाताला हात लागेल इतकं चिकटून उभे राहणारे ते लोक, कोणी न सांगता बाजूला झाले. यज्ञेश्वरभाऊ केबिनमधून धावत आले.

“कोण आहे हे? सत्यशीलाबाई, तुम्ही तर घरी…”

“खोटं बोलली होती. यायच्या डिझेल गाडीत म्या पेट्रोल टाकलं. जंगलात बंद पडली. भाऊ, तुमची गाडी काढा. बाकीचं मंग बोला.”

यज्ञेश्वरभाऊंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग कारची चावी काढली. ओढणीची गाठ हाताने सुटेना, रजतने ती कात्रीने कापली. यज्ञेश्वरभाऊ उत्तमसिंगला घेऊन स्वतः निघाले. रजतने पिकअप काढून जंगलातल्या दोघांना आणलं आणि तसंच पुढे यवतमाळला नेलं. सत्यशीला संध्याकाळपर्यंत दुचाकीच्या मशीनवर उभी राहिली, कारण दुसरं कोणी नव्हतं. फोन वाजला की ती नोझल हातात धरूनच केबिनकडे पाही.

सात वाजता यज्ञेश्वरभाऊ परत आले. गाडीतून उतरून थेट तिच्यापाशी.

“मशीनवर घेतलं. आणखी घंटाभर उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाले डॉक्टर. आता बरा आहे.”

तिने मशीनला हात टेकला.

“मालकांना सांगावं लागलं मला,” ते दुसरीकडे पाहत म्हणाले. “उद्यापासून…”

“हो, भाऊ.”

मग तिने विचारलं, “काका काई बोलले का?”

“बोलला ना. शुद्धीवर आल्यावर पयलं तेच. ते बाई घरी पोचली का, म्हणे. एकटी हाये, रस्ता जंगलाचा हाये.” त्यांचीही भाषा बोलता बोलता बदलली होती.

सत्यशीलाने डोक्यावरची पंपाची टोपी काढली. तिच्यावरची धूळ झटकून ती मशीनवर ठेवली.

“सांगजा त्यायले,” ती म्हणाली. “पोचली म्हनून.”