तळ्यातलं पाणगवत

बेलापूरच्या कानिफनाथांनी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून काढली. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की सायकल घेऊन चारीवर, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटावर जायचं, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी जातंय ते बघायचं आणि आवर्तन नसलं की मजूर लावून चारीतलं पाणगवत उपटायचं. हे गवत पाण्याखाली वाढतं, घोड्याच्या शेपटीसारखं लांब आणि हाताला बुळबुळीत. ते माजलं की पाणी पुढं सरकत नाही, आणि चारीच्या शेवटाला ज्याचं शेत, त्याच्या शिव्या पाटकऱ्याला बसतात. त्यामुळं या गवताचा एक तुरा दिसला तरी कानिफनाथांचा हात आपोआप खाली जायचा.

चैत्रात ते रिटायर झाले आणि त्यांच्या वाट्याला अंगणातलं तळं आलं. तळं कसलं, दोन बाजा शेजारी ठेवल्या तर झाकून जाईल एवढं. मुलानं, रविराजनं, हौसेनं बांधून घेतलेलं. कडेला गोल दगड, आत लाल-पांढरे मासे. रविराज चाकणला नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. मागं त्याची बायको धनश्री माशांना खाणं टाकायची. पहिला महिनाभर तळाचा खडा न् खडा दिसायचा. मग पाणी हिरवं व्हायला लागलं, ते वाटलेल्या कोथिंबिरीसारखं झालं. मासे कधीमधी वर तोंड काढायचे म्हणून आहेत म्हणायचं.

"पान्याचं काम हाय, मी बगतो," कानिफनाथ म्हणाले. त्यांनी मासे पाणी भरलेल्या टिपात काढले, पाणी उपसलं, तळ घासला, बोअरचं ताजं पाणी भरलं. पाचव्या दिवशी पाणी पुन्हा हिरवं. पुन्हा उपसलं. या खेपेला चौथ्याच दिवशी हिरवं झालं. आयुष्यभर हजारो एकरांचं पाणी सांभाळलं, आणि हे दोन बाजांएवढं पाणी काही केल्या ऐकेना.

त्यातच त्यांची बायको पुष्पावती केडगावला गेली, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला, दोन महिन्यांसाठी. आणि घरातलं बोलणंच बंद पडलं. तसं भांडण काही नव्हतं. पण चार वर्षांत सासऱ्यानं सुनेशी आणि सुनेनं सासऱ्याशी जे काही बोलणं केलं, ते पुष्पावतीच्या मार्फत. आता मधलं माणूसच नाही म्हटल्यावर कानिफनाथ दाराच्या चौकटीकडं बघून म्हणायचे, "बाजारातनं काय आनायचं असंल तर पिशवी वट्यावर ठिवावी." आतून आवाज यायचा, "ठेवलीय." यापुढं काही जात नसे.

पुष्पावती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथ चूळ भरायला अंगणात आले आणि तळ्यात त्यांना पाणगवत दिसलं. कडेच्या गाळात रोवल्यासारखे पाच-सहा तुरे. त्यांना क्षणभर खरं वाटेना. बोअरच्या पाण्यात पाणगवत येईल कुठून? पण हात विचारासाठी थांबला नाही. त्यांनी सगळे तुरे उपटले आणि घरामागं बांधापलीकडं फेकून दिले.

दोन दिवसांनी गवत पुन्हा हजर, आणि आधीपेक्षा जास्त. हे मात्र त्यांच्या ओळखीचं होतं. मुळी राहिली की गवत येणारच. त्यांनी बोटांनी गाळ चाचपून मुळ्या काढल्या. त्या दुपारी धनश्री तळ्याशी बराच वेळ उभी होती. ती पाण्याकडं बघे, मग शेजारच्या शेळीकडं बघे, मग परत पाण्याकडं. पाणी हिरवं म्हणून पोरगी कष्टी झालीय, असं कानिफनाथांना वाटलं, आणि त्यांनी संध्याकाळी पुन्हा मोटर लावून अर्धं पाणी बदललं.

तिसऱ्या खेपेला मात्र ते हबकले. गवताचा तुरा ओढला तर हाताला जड लागला. वर काढला तर बुडाशी दगड, आणि दगडाला गवत लाल दोऱ्यानं गुंडाळलेलं. असे चार निघाले. कानिफनाथ देवभोळे नव्हते. पाटाच्या मोरीवर लिंबू-मिरची पडली असली तरी ते सायकल तशीच पुढं काढत. पण आपल्या दारात, लाल दोरा आणि दगड? कुणाचं काय वाकडं केलं आपण? पाणी वाटताना कुणाला पाच मिनिटं कमी दिली असतील, त्याचा राग कुणी आता काढावा? विचारायचं तरी कुणाला? पुष्पावतीला फोन लावला, पण तिकडं बाळ रडत होतं, आणि ती म्हणाली, "काय ते धनश्रीला सांगा." त्यांनी फोन ठेवला. सांगायचं काय, की दारात करणी झालीय, तू बाहेर येऊ नको? ते दगड पिशवीत घालून ते लांब चारीवर टाकायला निघाले.

चारीत आवर्तन संपून गुडघाभर पाणी राहिलं होतं. कानिफनाथ मोरीपाशी आले तर पाण्यात एक बाई. पदर खोचलेला, साडी गुडघ्याच्या वर, वाकून पाणगवत उपटतेय आणि काठावरच्या बादलीत भरतेय. खात्यानं मजूर लावले असतील, असं त्यांना वाटलं. मग ती वळली.

ती धनश्री होती.

तिनं घाईघाईनं पदर सोडला, तो पाण्यात पडला. कानिफनाथांनी मान फिरवली आणि चारीपलीकडच्या बाभळीकडं बघून म्हणाले, "हे काय चाललंय म्हनायचं?"

"तळ्यासाठी नेतेय," धनश्रीही बाभळीकडं बघूनच म्हणाली. "लावते, आणि दोन दिवसांत गायब होतंय. मासे खातात म्हणावं तर मुळ्यासुद्धा राहत नाहीत. शेळी खाते म्हणावं तर ती पाण्यात उतरत नाही. शेवटी दगडाला बांधून सोडलं, तर..." आणि तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या पिशवीकडं गेलं. पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि लाल दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

कानिफनाथांना पिशवी कुठं लपवावी ते कळेना.

"मामा," धनश्री पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही उपटत होता?"

"म्या म्हनलं उगवतंय!"

"आपोआप?"

"उगवतंय की! चारीत न्हाई का उगवत? अन् दोरा बगून तर मला वाटलं..." त्यांनी काय वाटलं ते सांगितलं नाही. पण धनश्रीला ते कळलं असावं, कारण तिनं ओल्या पदरानं तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. कानिफनाथही हसले, पण आपण नक्की कशाला हसतोय हे त्यांना उमजत नव्हतं.

घरी जाताना बादली त्यांनी घेतली. वाटेत धनश्रीनं सांगितलं, की पाणी हिरवं दिसतं ते डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक शेवाळामुळं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं पाण्यात कुजतं, त्यावर ते शेवाळ पोसतं. पाणगवत लावलं की तेच अन्न गवत ओढून घेतं, आणि शेवाळ उपाशी मरतं. कॉलेजात तिचा हा विषय होता.

"म्हंजी घान घालवाया पान्यात गवत घालायचं?"

"हो."

"अन् म्या जे ताजं पानी भरत हुतो?"

"त्यानं शेवाळाला दर वेळी नव्यानं खाणं मिळत होतं. बोअरच्या पाण्यातसुद्धा खतं उतरलेली असतात, मामा."

कानिफनाथ थोडं चालले आणि थांबले. "मंग म्या चारीतनं एकतीस वरीस जे काडलं, ते चुकलं का बरुबर?"

धनश्री थांबली. "तिथं पाणी वाहायला पाहिजे. काढायलाच हवं होतं... बहुतेक." ते 'बहुतेक' कानिफनाथांच्या डोक्यात घरापर्यंत वाजत राहिलं.

दोघांनी मिळून गवत लावलं. तळ्याचा निम्मा तळ भरला. मोटरीला हात लावायचा नाही, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात पाणी आणखीच दाट झालं. कानिफनाथ सकाळी कडेला बसत आणि हात मांडीखाली दाबून ठेवत. "सुधारना न्हाई," असं ते आता चौकटीला न सांगता सुनेला सांगत. ती म्हणे, "थांबा." पण तिच्या चेहऱ्यावरही खात्री दिसत नसे. पुस्तकात किती दिवस लिहिले होते ते तिला आठवत नव्हतं, आणि पुस्तक माहेरी संगमनेरला होतं.

मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन कानिफनाथ तळ्याशी गेले, आणि त्यांना तळ दिसला. गवताच्या मधून मासे जात होते, त्यांच्या अंगावरचे ठिपकेसुद्धा दिसत होते. काल संध्याकाळी पाणी धुरकट होतं. रात्रीतून काय झालं? त्यांनी बोट बुडवून बघितलं. ज्याला जन्मभर वैरी धरलं, ते तिथं गप उभं होतं, आणि पाणी निवळलं होतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या गल्लीतले पुंजाराम आले. त्यांचं शेततळं हिरवंगार झालं होतं. "पाटकरी, तुमी काय केलं ते सांगा. पान्यातलं तुमच्यावानी कुनाला कळतंय?"

कानिफनाथांनी तोंड उघडलं. गवत, घाण, शेवाळ, उपास, सगळं एकदम ओठांवर आलं आणि त्याची गाठ पडली. त्यांनी मागं वळून हाक मारली, "धनश्री! भाईर ये, तूच सांग."

ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं समजावून सांगितलं. पुंजारामांनी मान हलवली, पण त्यांना फारसं पटलेलं दिसत नव्हतं. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "किती दिवसानं निवळतंय?"

"अठरा," धनश्री म्हणाली.

"चोवीस," कानिफनाथ त्याच वेळी म्हणाले.

"चोवीस कसे, मामा? चारीवरून आणलं त्या दिवसापासून मोजा."

"अन् त्याच्या आदी तू लावलं हुतं, ते?"

"ते तुम्ही उपटलं होतं!"

"मुळी ऱ्हायली आसंल की एकांदी!"

पुंजाराम एकदा सुनेकडं आणि एकदा सासऱ्याकडं बघत अंगणात उभे राहिले. ते दोघं आता एकमेकांकडं तोंड करून, बोटं मोजत भांडत होते.