मधला पत्रा

डॉक्टरबाई एका संशोधन संस्थेत माकडांच्या पशुवैद्य होत्या. हात थरथरण्याच्या आजारावरचं एक औषध तिथे माकडिणींवर तपासलं जात होतं. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "सून माकडांची डॉक्टर आहे. म्हणून तर आमच्या घरात लगेच रुळली."

आक्का आणि धिटी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत राहायच्या. ही नावं सफाईच्या बायकांनी ठेवलेली. आक्का पोक्त, धिटी कुणाच्याही अंगावर धावून जाणारी. दोन पिंजऱ्यांच्या मध्ये खाचेत सरकणारा लोखंडी पत्रा होता. वर्षानुवर्षं दोघींना एकमेकींचा आवाज यायचा, वास यायचा. तोंड मात्र दिसलं नव्हतं. आक्का स्वतःच्या हातावरचे केस उपटून खायची. ती एकटेपणाने असं करते, हे डॉक्टरबाईंना ठाऊक होतं. प्रयोगाचे प्रमुख असलेल्या सरांकडे त्यांनी दोघींना एकत्र ठेवण्याचा विषय कितीदा काढला, पण सरांचं उत्तर ठरलेलं: "भांडल्या आणि एकीला लागलं, तर सगळी मेहनत पाण्यात."

मग माकडं जोडीने ठेवावीत असा नवा नियम आला आणि पाठोपाठ तपासणी ठरली. सरांनी डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं.

"मधला पत्रा काढा. तपासनीस येऊन जाईपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर परत लावून टाकू. औषधाचे शेवटचे महिने आहेत, आता धोका नको."

"हो सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, अशी त्यांनी जिना उतरता उतरता मनाची समजूत घातली. एकदा दोघींचं जमलं, की सरांनाही त्यांना वेगळं करवणार नाही.

पत्रा गंजून अडकला होता. खाचेत तेल सोडलं तेव्हा कुठे तो हलला. धिटी दात विचकून पुढे आली आणि आक्काने सरळ तिच्याकडे पाठ केली. डॉक्टरबाईंनी पत्र्याला हात घातला. पण धिटी थांबली. तिने एक बोट लावलं, मग दुसरं, आणि बघता बघता आई लेकीच्या डोक्यातल्या उवा बघते तशी आक्काच्या पाठीवरचे केस बाजूला करू लागली. आक्का हळूहळू कलंडली आणि डोळे मिटून पडून राहिली.

तपासनीस आले तेव्हाही दोघी अशाच बसल्या होत्या. ते बराच वेळ बघत राहिले. "छान वाटतं हो बघून," ते म्हणाले. "कधीपासून आहेत एकत्र?"

सर शेजारीच उभे होते. पण प्रश्न डॉक्टरबाईंना होता.

"बरेच दिवस झाले," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पत्रा परत लावायला घेतला. झटापटीत आणखी कुणाला लागायला नको, म्हणून त्या एकट्याच गेल्या. फळांचे तुकडे टाकून दोघींना आपापल्या बाजूला नेलं. पत्रा अर्धा सरकला तशी धिटी वळली आणि तिने फटीत बोटं घातली. तिकडून आक्काने ती धरली. आता ढकलला असता, तर बोटं चिरडली असती. डॉक्टरबाईंनी खिशातून शेंगदाणे काढून धिटीसमोर धरले. धिटी खादाड. तिने बोटं काढली, शेंगदाणे घेतले, आणि डॉक्टरबाईंनी पत्रा बंद केला. धिटीने तोंडात घास तसाच धरून पत्र्याकडे पाहिलं. मग पत्र्यावर थाप मारली. पलीकडून थाप आली नाही.

पुढच्या आठवड्यात तपासणीच्या अहवालात संस्थेचं कौतुक झालं. सरांनी केक मागवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "श्रेय बाईंचं." टाळ्या वाजल्या. डॉक्टरबाईंना मान वर करवेना. घरी सासूबाईंनी बातमी आधीच नातेवाइकांत फोनवरून पोचवली होती. "अगं, मी सगळ्यांना सांगितलं, मुक्या जिवांवर आमच्या सुनेची किती माया!" डॉक्टरबाई हात धुण्याचं निमित्त करून आत गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या.

सकाळी आक्काचा हात कोपरापर्यंत सोललेला होता. मलम लावून झाल्यावर त्यांनी तपासनिसांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "खाचेत ताजं तेल होतं. मला दिसलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"विचारलं होतं की. तुम्ही उत्तर दिलंत, आणि मला ते आवडलं. चूक माझीही आहे. मी परत येतो."

ते आले. संस्थेला तंबी मिळाली आणि पत्रा कायमचा काढण्याचा हुकूम निघाला. सर डॉक्टरबाईंवर ओरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी फक्त दार लावून घेतलं.

"तुम्ही 'नको' म्हणाला असतात, तर मी ऐकलं असतं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही म्हणालाच नाहीत. आधी 'हो सर' आणि मग माझ्या पाठीमागून फोन."

डॉक्टरबाईंनी दार उघडलं आणि त्या पिंजऱ्यांकडे गेल्या.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. आधी मध्ये जाळी लावली आणि काही आठवड्यांनी लहानसं दार उघडलं. आक्का बदलली होती. पहिल्याच दिवशी तिने धिटीचा कान फाडला. डॉक्टरबाईंनी तो शिवला. परत जाळी, परत दार. शेवटी एका दुपारी आक्काने धिटीला जवळ बसू दिलं. पण डॉक्टरबाई खोलीत आल्या, की ती ताडकन उठायची आणि मधल्या दाराच्या चौकटीत जाऊन दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसायची. दुसरं कुणी आलं तर जागची हलायचीही नाही.

नव्याने आलेल्या सहकारी बाईंनी एकदा विचारलं, "तुम्ही हल्ली आत येतच नाही?"

"मी गेले की आक्का उठते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हीच जा."

सहकारी बाई फळांचं भांडं घेऊन आत गेल्या. डॉक्टरबाई व्हरांड्यात काचेपाशी थांबल्या. दोघी पाठीला पाठ लावून खात होत्या. मध्येच आक्काने काचेकडे नजर वळवली, तशा त्या भिंतीआड सरकल्या.