ग्रामोफोनची घाई

कार्यक्रम तोंडावर आला होता आणि लेकीला घरात चैन पडत नव्हतं. पियानोवर बसायची, दोन ओळी वाजवायची, उठून खिडकीशी जायची. बाबांना सांगायचं कसं?

ती ज्याचे सूर वाजवत होती तो संगीतकार जगाने कधीच अडगळीत टाकलेला. या घरात मात्र त्याला देवाखालोखाल मान. बाबांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. त्याची एक रचना त्यांनी घरच्या ग्रामोफोनवर, जुन्या रेकॉर्डवरून ऐकून ऐकून बोटांत उतरवली होती. आई गेली त्या वर्षी रोज सकाळी ते ती वाजवत. दुडुदुडु पळणारे ते सूर ऐकून दोन्ही मुलं रडणं विसरून अंथरुणातून उठत.

आता सभागृहात लोकांसमोर वाजवायचं म्हणून लेकीने छापील प्रत मागवली, तर काय! रचना खालच्या सुरातली आणि अगदी संथ. गावाची घड्याळं लावणाऱ्याच्या घरातच ग्रामोफोन जास्त वेगाने फिरून, सूर चढवून पुढे पळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भावाने फोनवर सल्ला दिला, बाबांसारखंच वाजव, ऐकणाऱ्यांना काय कळतंय. तिला त्याचा राग आला. तिच्याही मनात तेच होतं, म्हणून जास्तच आला.

दुपारी दुकान बंद करून बाबा सराव ऐकायला आले. कौतुकाने खुर्ची ओढून बसले, बोटं मांडीवर ताल धरायला तयार. तिचा धीर सुटत होता. सांगण्यापेक्षा वाजवलेलं बरं, असं म्हणून तिने सुरुवात केली, लिहिलंय तसं.

बाबांची बोटं थोडा वेळ पुढे पळाली, मग थांबली. तेच सूर आता एकेक पाऊल जड करून येत होते. संपल्यावर तिने मान खाली घालूनच ग्रामोफोनचं सांगून टाकलं.

बाबांनी छापील प्रत पुढ्यात ओढली.

"म्हणजे हा बिचारा रडत होता," ते म्हणाले. "आणि मी त्याला पळवत होतो."

"बाबा, मी तुमच्यासारखं वाजवू का?"

"नको. लोकांसमोर त्याचं त्याला नीट बोलू दे." ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली. "बरं झालं तेव्हा कळलं नाही. हे असं ऐकलं असतं ना, तर त्या वर्षी तुम्हाला उठवायला मीच उठलो नसतो."