कवितेचं छप्पर

चौकात दिव्यांचे अकरा खांब होते, झेंड्यांचे चार, एक कारंजं आणि कारंज्याभोवती कुंपण. झाडं शून्य. आराखड्यात सत्तेचाळीस होती, पण ती छापखान्यातून आली होती, रोपवाटिकेतून नाही. दुपारी सावलीत उभं राहायचं तर खांबाला पाठ लावायची आणि पोट आत घ्यायचं. एका खांबामागे एकच माणूस मावायचा, तोही सडपातळ. ही मोजणी नियोजन कार्यालयातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने केली होती. ती पदार्थविज्ञानाची पदवीधर होती. तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसायचा, पण टेप असायचाच, म्हणून कार्यालयात सगळे तिला मोजपट्टी म्हणत.

नवं शहर वसत होतं. रस्ते झाले, गटारं होत आली, तेव्हा मुख्य नियोजकांच्या मनाने घेतलं की आता शहराला साहित्य हवं. त्यांनी भांडार विभागाला तसं लिहून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या दोनशे गोण्या आल्या. त्या परत पाठवून दुसऱ्या अर्थाच्या साहित्यासाठी एक समिती नेमण्यात आली.

समितीने थंड देशातला एक सल्लागार गाठला. त्याची कल्पना देखणी होती. चौकात पोलादी पत्र्याची उंच भिंत उभी करायची, तिच्यात कवितेची अक्षरं आरपार कापायची. ऊन अक्षरांतून पलीकडे जाईल आणि कविता फरशीवर उजेडाने लिहिली जाईल. अशा भिंती त्याने स्वतःच्या देशात तीन शहरांत उभारल्या होत्या. कवितेसाठी स्पर्धा झाली. नावं झाकून निवड केली, आणि झाकण काढल्यावर निघाली मोजपट्टीची मावशी.

मावशीने टेलिफोनच्या कचेरीत आयुष्यभर इतरांची बोलणी जोडून दिली होती आणि उरलेल्या वेळात कविता केल्या होत्या. त्या दर वर्षी मासिकांकडे जात आणि साभार परत येत. शेवटी शेवटी तर पोस्टमन पाकीट देताना नजर चुकवायचा. मोजपट्टी लहानपणापासून मावशीकडेच वाढली होती, त्यामुळे या सगळ्या कवितांची ती सक्तीची वाचक होती. मावशीच्या मैत्रिणीही तशाच. निकाल लागला त्या संध्याकाळी मावशी म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी वाचलं ते माझ्या तोंडाकडे बघून. मला एकच माणूस हवाय गं. ओळखीचा नको, पाळखीचा नको. रस्त्याने जाता जाता त्याने आपणहून वाचावं. मग मी तुला छळणार नाही."

भिंतीचं काम सुरू होणार तेवढ्यात मोजपट्टीने उद्घाटनाची तारीख पाहिली, आकडेमोड केली आणि ती पुन्हा एकदा करून पाहिली. सल्लागाराच्या देशात दुपारचा सूर्य बारा महिने आकाशाच्या एकाच बाजूला असतो. इथे तो वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो आणि मधले काही महिने पलीकडच्या बाजूला मुक्कामाला जातो. म्हणजे त्या महिन्यांत कविता भिंतीच्या उलट बाजूला, उलट्या अक्षरांत, बरोबर सार्वजनिक मुतारीच्या दारात पडणार होती. आणि उद्घाटनाच्या दुपारी सूर्य माथ्यावर असल्यामुळे ती कुठेच पडणार नव्हती.

समितीच्या बैठकीत तिने टेबल खिडकीपासून दूर ओढलं, पेन उभं धरलं आणि सूर्याऐवजी टॉर्च वापरून हे दाखवलं. सगळ्यांनी पेनाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. एका सदस्याने तारीख बदलायचं सुचवलं. पण पाहुणे ठरले होते, आणि पाहुण्यांपेक्षा सूर्याला सांभाळून घेणं सोपं, असं मत पडलं. दुसऱ्याने भर दुपारी मोठे दिवे लावावेत म्हटलं. तिसऱ्याने हवामान खात्याला पत्र लिहायचं ठरवूनही टाकलं.

"साहेब, भिंत आडवी करू या," मोजपट्टी म्हणाली. "खांबांवर झोपवली की सूर्य डोक्यावर असला तर उलट बरंच. कविता सरळ खाली पडेल."

"आडवी भिंत म्हणजे छप्पर झालं," मुख्य नियोजक म्हणाले.

"हो, साहेब."

मुख्य नियोजकांनी आपण हेच केव्हापासून म्हणतोय, असं सांगून बैठक संपवली. सल्लागाराला कळवलं. त्याने उलट टपाली या धाडसी कल्पनेबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

कारखान्यात नवी अडचण निघाली. ज्या अक्षरांना पोट असतं त्यांचं पोट कापताना खाली गळून पडत होतं. समितीने मावशीला निरोप धाडला की पोटाची अक्षरं टाळून कविता पुन्हा करता येईल का. मावशीने उलट विचारलं, समितीला पोटं टाळून बैठक घेता येईल का. शेवटी पोटांना पत्र्याचे बारीक सांधे ठेवले. सूर्य म्हणजे काही टोकदार ठिपका नाही, कडा पसरट पडणार, म्हणून मोजपट्टीने अक्षरांची रेघ वीतभर रुंद करून घेतली. मावशीची अट एकच होती: चारही बाजूंनी भरपूर समास सोडायचा. कवितेला श्वास घ्यायला जागा लागते, कागद असो की पत्रा. मुख्य नियोजकांना कवितेतलं फारसं कळत नव्हतं, पण मोकळी जागा सोडण्यात ते तरबेज होते.

उद्घाटनाच्या दुपारी कविता पडली. फरशीवर चार ओळी लख्ख उमटल्या, आणि मावशीच्या मैत्रिणींनी लगेच तिच्या तोंडाकडे बघून त्या वाचल्या. पाहुणे पहिल्या ओळीत उभे राहून बोलायला लागले. त्यांच्या टकलावर एक पूर्ण अक्षर चकाकत होतं. दोन वाक्यांनंतर ते एक पाऊल सरकले, आणखी दोन वाक्यांनंतर दुसरं. त्यांच्यामागे माईक धरणारा सरकला, त्याच्यामागे समिती. साहित्य हे शहराचं हृदय आहे, या वाक्याला पाहुणे पूर्णपणे समासाच्या सावलीत पोचले होते, आणि तिथे आधीपासून बसलेल्या लोकांनी त्यांना जागा करून दिली.

मोजपट्टीने मागाहून फरशीचं तापमान घेतलं. अक्षरांत चोपन्न अंश, समासात पस्तीस. हे आकडे मावशीला सांगावेत की नाही, या विचारात ती घरी आली. मावशी गार पाण्यात पाय बुडवून बसली होती. तिने आकडे ऐकून घेतले.

"म्हणजे लोक माझ्या न लिहिलेल्या भागात बसतात."

"समास तूच मागितलास, मावशी."

"ते कळलं. आणि लिहिलेल्या भागात?"

मोजपट्टी म्हणाली की पहिल्या दिवसावरून काही ठरवता येत नाही. त्या दिवशी निम्मे लोक बोलावलेले होते. मावशीने पाय पुसले. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. "मग न बोलावलेल्या दिवशी जा आणि मोजून ये. खरं काय ते सांगायचं. माझी भाची म्हणून जाऊ नकोस, मोजपट्टी म्हणून जा."

चौथ्या दिवशी ती भर दुपारी गेली. सोबत मावशीही आली, पण छत्री घेऊन कुंपणापाशीच थांबली. समासात बँकेतले शिपाई डबा खात होते, दोन बायका मुलांना झोपवत होत्या, एक रंगारी बादलीला टेकून घोरत होता. एका म्हाताऱ्याने खुर्चीच आणली होती, आणि शेजारचा सरकून उजेडात गेला की तो त्याला, "अहो, कवितेत कशाला जाता, भाजाल," असं सांगत होता. मोजपट्टी खांबापासून खांबापर्यंत बोट नाचवत मोजत गेली. मग तिने मधल्या चार ओळींकडे पाहिलं. तिथे एक माणूस पहिल्या ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला, मागे वळून दुसरीच्या सुरुवातीला आला, तिच्याही टोकापर्यंत गेला. घाम पुसायला थांबला. मग तिसरी धरली.

मोजपट्टीने मावशीला खुणेने बोलावून तो माणूस दाखवला. मावशीने चष्मा काढला, पुसला, लावला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने, ओळखीचा नाही, अशी मान हलवली.

मोजपट्टीने नोंद केली: समासात बेचाळीस. कवितेत एक, अनोळखी.