तेल लागलेल्या गोळ्या

मुलांनो, असं समजा की आज खंडेनवमी आहे आणि तुम्ही तुळजापूरजवळच्या एका पोलीस ठाण्यात शस्त्रपूजेला आला आहात. फौजदार कुलदीप यांच्या लेकीनं, शिवांजलीनं, बाबांच्या पिस्तुलाच्या गोळ्यांना मोठ्या भक्तीनं तेल-कुंकू लावलं. बंदोबस्ताला निघताना बाबांनी मात्र त्या बाजूला सारून दुसऱ्याच गोळ्या भरल्या.

तिचा चेहरा पडला. "माझ्या नकोत व्हय?"

"अगं, तेल आत झिरपलं तर ऐन वेळी बार उडत न्हाय. या कोरड्या आहेत. याच पेटीतल्या शंभर गोळ्या सरावात झाडल्या, एकही फुसकी निघाली न्हाय."

शिवांजलीला पटलं. तेवढ्यात धोंडीबा हवालदार आपल्या गोळ्या ताटात ठेवू लागले. तिनं झटकन ताटावर हात आडवा धरला. "काका, पिस्तूल ठेवा, गोळ्या न्हाय!"